फाल्गुनराव विचारत का नाही? – 'संशयकल्लोळ'मधल्या संवादांविषयी

(पौड, ता. मुळशी, जि. पुणे इथं झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



मुळशी म्हटलं की बाहेरच्या माणसाला काय आठवतं? धरण. थोडा वाचणारा असेल तर सेनापती बापट आणि १९२१ चा सत्याग्रह. आणि २०१८ पासून तो सिनेमा. (हशा) नाटक आठवत नाही कुणाला. नाटक बघायचं तर आपण पौड रस्ता धरतो आणि कोथरूडला यशवंतराव चव्हाण नाट्यगृहात जाऊन बसतो. परतताना चांदणी चौकात अडकतो, आणि तिथं गाडीत बसल्याबसल्या नाटकाची चर्चा होते. तीच चर्चा आज मी इथं करणार आहे, फक्त हॉर्न नसतील.

विषय आहे विनोदी नाटकातले संवाद. संवादातून माणूस कसा कळतो आणि हसू कसं येतं. मी एकच नाटक घेणार आहे, 'संशयकल्लोळ'. गोविंद बल्लाळ देवलांचं. कारण असं, की विनोदी नाटकाबद्दल बोलताना आपण लगेच 'पंच' म्हणतो. अमक्याचे पंच काय बसतात! म्हणजे वाक्याच्या शेवटी काहीतरी फुटायला पाहिजे. देवलांच्या या नाटकात तुम्ही असे पंच शोधायला गेलात तर निराश व्हाल. कागदावर वाचलं तर बरीच वाक्यं अगदी साधी आहेत. घरात कुणीही बोलेल अशी. आणि तरी शंभराहून जास्त वर्षं लोक हसतायत. तर ते हसू येतं कुठून, हा आजचा प्रश्न.

आधी नाटकाची थोडी माहिती, कारण समोर तरुण मंडळी पण दिसतायत. देवल मूळचे सांगलीजवळच्या हरिपूरचे. 'शारदा' त्यांचंच, १८९९ चं. हे नाटक त्यांनी पहिल्यांदा लिहिलं ते गद्यात, १८९३ मध्ये, आणि त्याचं नाव होतं 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा'. मूळ आधार आर्थर मर्फी या इंग्रजी नाटककाराच्या १७६१ च्या एका नाटकाचा, आणि मर्फीनं ते घेतलं होतं मोलिएरच्या १६६० च्या नाटकावरून. म्हणजे फ्रान्स, मग लंडन, मग पुणे. पुढं देवलांनी त्यात पदं घातली, नाव बदललं, आणि गंधर्व नाटक मंडळीनं ते १९१६ मध्ये रंगभूमीवर आणलं. देवल त्याच वर्षी जूनमध्ये गेले होते. त्यांना आपलं 'संगीत संशयकल्लोळ' बघायला मिळालं नाही. गणपतराव बोडस फाल्गुनराव आणि बालगंधर्व रेवती. अलीकडे प्रशांत दामले आणि राहुल देशपांडे यांनी ते पुन्हा केलं, ते तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल.

नावांची गंमत लक्षात घ्या. पुरुषांना महिन्यांची नावं आणि बायकांना नक्षत्रांची. फाल्गुनराव, अश्विनशेठ, वैशाखशेठ, गडी भादव्या. आणि कृत्तिका, रेवती, रोहिणी. अख्खं पंचांग रंगमंचावर. देवल पहिल्यापासून सांगतायत की बाबांनो, हे फार मनाला लावून घेऊ नका.

कथा एका परिच्छेदात सांगतो. रेवती ही नायकिणीची मुलगी, तिचं अश्विनशेठवर प्रेम. त्याची छोटी तसबीर तिच्याजवळ आहे. फाल्गुनरावाच्या घराजवळ तिला घेरी येते. फाल्गुनराव तिला सावरतो. हे त्याची बायको कृत्तिका घरातून बघते. ती खाली येईपर्यंत दोघं तिथं नाहीत, पण तसबीर पडलेली आहे. कृत्तिका ती उचलून बघत असते. फाल्गुनराव परत येतो. त्याला काय दिसतं? आपली बायको परक्या देखण्या पुरुषाची तसबीर न्याहाळते आहे. झालं! तो तसबीर हिसकावतो. मग ती तसबीर त्याच्या हातात अश्विनशेठला दिसते, आणि त्याला वाटतं रेवतीनंच ती या माणसाला दिली. असे चार जण, प्रत्येकाला संशय.

आता यात एक गोष्ट बघा. तसबिरीच्या या प्रकरणात कुणीही खोटं बोललेलं नाही. प्रत्येकानं जे पाहिलं ते खरंच घडलंय. कृत्तिकेनं नवऱ्याच्या आधारानं उभी असलेली बाई पाहिली, ती होतीच. फाल्गुनरावानं बायकोच्या हातात तसबीर पाहिली, ती होतीच. आपण म्हणतो ना, 'डोळ्यांनी पाहिलंय मी!' या नाटकात सगळ्यांनी डोळ्यांनीच पाहिलंय. (हशा) आणि म्हणूनच कुणी काही विचारत नाही. ज्यानं स्वतः पाहिलंय तो कशाला विचारेल?

इथं माझा मुद्दा येतो. हे नाटक न विचारलेल्या एका प्रश्नावर उभं आहे. "ही तसबीर तुला कुठं सापडली?" एवढं एक वाक्य. फाल्गुनरावानं हे साध्या आवाजात, चहाचा कप हातात घेऊन विचारलं असतं तर पडदा पडला असता. पण तो विचारत नाही. आणि ती सांगत नाही, कारण तिलाही विचारायचंय की ती बाई कोण, आणि तीही विचारत नाही. मग दोघं बोलतात काय? भरपूर बोलतात! टोमणे मारतात, निकाल देतात, आणि सगळ्यात जास्त स्वतःशी बोलतात.

मी एक घडवलेलं उदाहरण देतो. नाटकातलं नाही, तुमच्या-आमच्या घरातलं आहे. नवरा संध्याकाळी घरी येतो, ओट्यावर अनोळखी पिशवी दिसते.

"ही पिशवी कुणाची?"
"का, ओळखू येत नाही?"
"ओळखू आली असती तर विचारलं असतं का?"
"विचारायचंच होतं तर काल का नाही विचारलं?"

(मोठा हशा) बघा, चार वाक्यं झाली. पिशवी कुणाची ते कळलं का? नाही. पण नवरा-बायको कळले की नाही? पूर्ण कळले. लग्नाला किती वर्षं झाली असतील तेसुद्धा कळलं. आता याच्यात विनोदी वाक्य कुठलं, सांगा बरं. एकही नाही. सुटं काढून कुणाला ऐकवलंत तर कुणी हसणार नाही. हसू येतं ते प्रश्नाला मिळालेल्या प्रश्नानं. माहितीची मागणी झाली आणि तिच्या जागी मान-अपमान हजर झाला. संवादानं स्वभाव दाखवायचा म्हणजे माणसानं 'मी संशयी आहे हो' असं सांगायचं नसतं. त्याला काय विचारलं होतं आणि त्यानं काय ऐकलं, या दोन गोष्टींमधलं अंतर म्हणजे त्याचा स्वभाव. हे अंतर देवलांना फार नेमकं दिसायचं.

फाल्गुनराव अजिबातच विचारत नाही असं नाही बरं का. तो विचारतो. फक्त बायको सोडून इतरांना विचारतो. गडी भादव्याला खोदून खोदून विचारतो. म्हणजे ज्याला काही माहीत नाही, त्याला विचारतो! आणि भादव्या हा असा माणूस आहे की विचारलं तेवढ्याचंच उत्तर देणार, आणि तेही सावकाश. मालकाला घाई आणि गड्याला निवांतपणा. इथं आपल्या मातीतली एक जुनी रीत देवलांनी वापरली आहे. आपल्या शेजारच्या मावळात इंदुरी गाव आहे. दादू इंदुरीकर तिथले. 'गाढवाचं लग्न'मधला त्यांचा सावळ्या कुंभार जुन्या लोकांनी पाहिला असेल. वगातला सोंगाड्या राजासमोर उभा राहतो तेव्हा काय करतो? राजाच्या प्रत्येक शब्दाला लोंबकळतो. राजाला पुढं जाऊच देत नाही. बतावणी म्हणतात ती हीच. तिथं संवाद लिहिलेला नसतो, तालावर वाढवत न्यायचा असतो. समोर प्रेक्षक कसा आहे, गाव कुठलं आहे, त्यावर तो दहा मिनिटं चालेल नाहीतर अर्धा तास.

देवलांनी ते वाढवणं काढून टाकलं आणि रीत ठेवली. भादव्या मुद्दाम चेष्टा करत नाही, हा मोठा फरक आहे. सोंगाड्याला माहीत असतं की आपण राजाची फिरकी घेतोय. भादव्याला काही माहीत नाही. तो प्रामाणिक आहे, आणि त्याच्या प्रत्येक प्रामाणिक उत्तरानं मालकाचा संशय वितभर वाढतो. हौशी मंडळी भादव्याला हमखास बिघडवतात ते इथं. नटाला वाटतं आपल्याला लाफ्टर मिळाला पाहिजे, म्हणून तो प्रेक्षकांकडे बघून डोळा मारतो. डोळा मारला की भादव्या संपला. तिथं सोंगाड्या आला, आणि फाल्गुनराव मूर्ख ठरला. फाल्गुनराव मूर्ख नाही. तो चांगला हुशार माणूस आहे, त्याची हुशारीच त्याला खाते आहे.

आता स्वगताकडे येतो, कारण या नाटकाचा खरा कारखाना तिथं आहे. आपल्या जुन्या नाट्यशास्त्रात बोलण्याचे प्रकार सांगितलेत. सगळ्यांना ऐकू येईल ते प्रकाश. स्वतःशीच ते स्वगत. आणि जनांतिक म्हणजे हाताची त्रिपताका करून, बाकीच्यांना आड ठेवून, एकालाच सांगितलेलं. संस्कृत नाटकात ही सगळी सोय होती. देवलांनी 'मृच्छकटिक' मराठीत आणलेलं, त्यांना हे पाठ होतं. पण 'संशयकल्लोळ'मध्ये स्वगताचं काम बदललंय. गंभीर नाटकात स्वगत म्हणजे मनाचा तळ, तिथं माणूस खरं बोलतो. फाल्गुनराव स्वगतात काय करतो? स्वतःला पुरावे देतो. कोर्ट भरवतो. फिर्यादी तो, वकील तो, साक्षीदार तो आणि न्यायाधीशही तोच. आरोपी तेवढी गैरहजर. (हशा) आणि त्या कोर्टात प्रेक्षक म्हणून आपण बसलेलो असतो. आपल्याला सगळं माहीत आहे. आपण रेवतीला घेरी आलेली पाहिली आहे, तसबीर पडताना पाहिली आहे. तो आपल्याला विश्वासात घेऊन सांगतो आणि आपल्याला ओरडून सांगावंसं वाटतं की अहो, तसं नाहीये! पण सांगता येत नाही. ते जे दाबलेलं 'तसं नाहीये' आहे, ते हसू होऊन बाहेर पडतं.

एक अनुभव सांगतो. इथल्याच काही मुला-मुलींबरोबर आम्ही या नाटकाचं वाचन करत होतो. तसबिरीचा प्रवेश. फाल्गुनराव वाचणारा मुलगा तब्येतीनं खणखणीत, आवाज मोठा. त्यानं पहिल्याच वाक्याला आवाज चढवला. डोळे वटारले. समोर पंधरा-वीस माणसं होती. कुणी हसलं नाही. उलट एक-दोन जणी अस्वस्थ झाल्या, ते मला दिसलं. आम्ही थांबलो. मी त्याला म्हटलं, "तू रागावला आहेस का?" तो म्हणाला, "मग? बायकोच्या हातात फोटो आहे ना दुसऱ्याचा!" मी म्हटलं, "नाही, तू रागावलेला नाहीस. तू घाबरला आहेस. आता तेच घाबरून वाच, आणि आम्हाला सांग, तिला नको." त्यानं आवाज खाली आणला. आमच्याकडे जरा वाकून, कुजबुजत बोलायला लागला. तिसऱ्या वाक्याला लोक फुटले. शब्द तेच होते.

त्या दिवशी मला एक गोष्ट कळली, जी इतक्या वर्षांच्या वाचनात कळली नव्हती. संशय रागातून बोलला की अंगावर येतो. भीतीतून बोलला की हसू येतं. फाल्गुनराव भित्रा आहे. त्याला बायको जाईल याची भीती आहे, लोक हसतील याची भीती आहे. म्हणून तर तो विचारत नाही. उत्तर 'हो' आलं तर काय करायचं, हे त्याला माहीत नाही.

(इथं श्रोत्यांमधून एक चिठ्ठी आली. वक्त्यांनी ती वाचून दाखवली.)

ही चिठ्ठी मी मोठ्यानं वाचतो, कारण प्रश्न नेमका आहे. एका ताईंनी लिहिलंय, "पेपरात दर आठवड्याला बातमी असते, 'चारित्र्याच्या संशयावरून पत्नीचा खून'. आपल्या तालुक्यातही अशा गोष्टी ऐकतो. मग संशयी नवऱ्यावरचं नाटक बघून हसायचं कसं?"

ताई, प्रश्नाबद्दल आभार. माझ्या टिपणात हा मुद्दा शेवटी होता, आता आधीच घेतो.

'चारित्र्याच्या संशयावरून' हे शब्द बघा. बातमीत चारित्र्य कुणाचं, हे सांगावं लागत नाही. बाईचंच. संशय कुणाचा, तेही सांगावं लागत नाही. आपल्या भाषेनं ते दोन्ही गृहीत धरलंय. हे वाक्य इतकं गुळगुळीत झालंय की जणू संशय हे कारणच आहे, पावसावरून पूर आला तसं. तेव्हा ताईंचा प्रश्न टाळून पुढं जाता येणार नाही.

देवलांना हे माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. 'फाल्गुनराव' लिहिण्याआधी तीन वर्षं, १८९० मध्ये, त्यांनी 'झुंजारराव' लिहिलं. ते काय आहे? शेक्सपिअरचं 'ऑथेल्लो'. संशयातून नवरा बायकोचा जीव घेतो ते नाटक. म्हणजे एकाच माणसानं तीन वर्षांत एकाच रोगावर दोन नाटकं मराठीत आणली. एकात बाई मरते, दुसऱ्यात आपण हसतो. आणि दोन्हीत कारण एक फालतू वस्तू. ऑथेल्लोत रुमाल, इथं तसबीर. हातातून पडलेली, दुसऱ्याला सापडलेली वस्तू. मला वाटतं 'संशयकल्लोळ' वाचताना 'ऑथेल्लो' शेजारी ठेवलंच पाहिजे. आपल्याकडे ते फारसं होत नाही. 'संशयकल्लोळ' म्हटलं की पदांची चर्चा होते.

मग फरक कशात आहे? पहिल्यांदा वाटतं, ऑथेल्लो विचारत नाही म्हणून शोकांतिका होते. पण फाल्गुनराव पण विचारत नाही. ऑथेल्लो दासीला विचारतो, फाल्गुनराव गड्याला विचारतो. इथपर्यंत दोघं भाऊभाऊ. शेवटच्या प्रवेशात देस्दिमोना म्हणते की त्या कॅसिओला बोलावून विचारा ना. तेव्हा तिला कळतं की आता त्याला विचारायची सोय उरलेली नाही. अंगावर काटा येतो तिथं. विचारायला सांगणारं वाक्य नाटकात येतं, पण फार उशिरा.

खरा फरक मला दोन ठिकाणी दिसतो. एक म्हणजे तिथं इयागो आहे. कानात विष ओतणारा एक माणूस, ज्याच्या हातात सगळे संवाद आहेत. 'संशयकल्लोळ'मध्ये इयागो नाही. इथं प्रत्येक जण स्वतःचाच इयागो आहे. त्यामुळं दुष्टपणा कुठंच साठत नाही, सगळ्यांत थोडा थोडा वाटला जातो. हा फरक महत्त्वाचा, पण दुसरा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. देस्दिमोनाला कितीतरी वेळ माहीतच नसतं की आपल्यावर आरोप आहे. कृत्तिकेला माहीत आहे, आणि कृत्तिका उलट आरोप करते!

हे लक्षात घ्या. कृत्तिका तेवढीच संशयी आहे. तिलाही स्वगतं आहेत. तीही कोर्ट भरवते. तीही टोमणे मारते, आणि चांगले मारते. तसबिरीच्या भांडणात एक वाक्य त्याचं तर एक तिचं. तो चोर म्हणून पकडायला आलाय आणि तीही चोर म्हणूनच पकडायला आली आहे. दोन पोलीस, चोर नाही. (हशा) त्या भांडणात तिची पाळी कुणी हिरावून घेत नाही. संवाद समसमान आहे. म्हणून आपण हसू शकतो. आपल्या डोक्यातला हिशेब तिथं जुळतो, तो तिला बोलतो तेवढं ती त्याला बोलते.

आता १८९३ चा काळ डोळ्यांसमोर आणा. संमतिवयाचा कायदा १८९१ चा. त्यावरून पुण्यात केवढा गदारोळ झाला होता. त्याच्या थोडं आधी रखमाबाईंचा खटला, नवऱ्याकडे नांदायला जाणार नाही म्हणणाऱ्या बाईचा. नवऱ्याचा हक्क किती, बायकोनं किती बोलावं, यावर वर्तमानपत्रांचे रकाने भरत होते. अशा वेळी रंगमंचावर एक घरंदाज बायको नवऱ्याच्या तोंडावर त्याच्या वागण्याचा जाब मागते, आणि प्रेक्षकांमधले पागोटेवाले हसतात. देवलांनी तिला भाषण दिलेलं नाही, भांडण दिलंय. आणि त्या काळच्या बायकोला भांडायला एक खास हत्यार होतं, ते म्हणजे आदर. जुन्या नाटकांत बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, 'इकडून', 'तिकडून', 'स्वारी' असं बोलते. हे आपल्या आज्या करायच्या. आता विचार करा, 'इकडून' म्हणत, अतिशय आदरानं, बाई जेव्हा टोचून बोलते तेव्हा काय होतं! नवऱ्याला रागावता येत नाही, कारण वाक्यात वावगं काही नाही. फार चांगली नटी असेल तर कृत्तिकेचा आदर वाढत वाढत नेते. जितका राग जास्त तितकी भाषा मऊ. मी एका प्रयोगात हे पाहिलंय, आणि त्या बाईंना एकही हातवारा करावा लागला नव्हता.

पण ताई, तुमचा प्रश्न एवढ्यानं संपत नाही, हे मला कळतं. बोलण्यात दोघं समान असली तरी घरात समान नाहीत. फाल्गुनरावाचा संशय खरा ठरला असता तर कृत्तिकेला जायला जागा नव्हती. कृत्तिकेचा संशय खरा ठरला असता तर तिला गप्प बसावं लागलं असतं. हे देवल बोलत नाहीत. संवादानं जी बरोबरी आणली ती संवादापुरतीच आहे. मी ते नाटकाचं मोठेपण मानतो आणि त्याची हद्दही मानतो. म्हणून फाल्गुनराव करणाऱ्यानं ओरडू नये असं मी म्हणतो, ते काही शैलीसाठी नाही. तो ओरडला, हात उगारला, तर ती बरोबरी त्याच क्षणी मोडते. मग समोर बसलेल्या बाईला पेपरातली बातमी आठवते, आणि तिनं हसू नये हेच बरोबर आहे. त्या वाचनाच्या दिवशी ज्या दोघी अस्वस्थ झाल्या होत्या, त्यांनी नाटक चुकीचं ऐकलं नव्हतं. आम्ही ते चुकीचं वाचलं होतं.

रेवती आणि अश्विनशेठ यांच्याबद्दल थोडक्यात. खरं सांगायचं तर त्यांचे गद्य संवाद मला जरा अवघडलेले वाटतात. प्रेमिकांचे संवाद लिहिताना देवल शहाण्यासारखे वागतात, आणि प्रेमात शहाणं बोलणं कंटाळवाणं असतं. पदं आली की त्यांचं भागतं. पण संशयाचा एक वेगळा प्रकार तिथं आहे, तो सोडून चालणार नाही. फाल्गुनरावाचा संशय हा त्याचा आजार आहे. तो कुठल्याही बायकोवर आला असता. अश्विनशेठचा संशय तसा नाही. तसबीर परक्या माणसाच्या हातात दिसल्यावर तो इतक्या झटकन विश्वास का ठेवतो? कारण रेवती नायकिणीची मुलगी आहे. तिच्याबद्दल जग जे म्हणतं, ते त्याच्या मनात आधीपासून बसलेलं आहे, तसबीर हे निमित्त. तिनं जन्मभर एकनिष्ठ राहायचं ठरवलं तरी तिचा शब्द मुळातच कमी किमतीचा. म्हणून रेवती जेव्हा मानानं बोलते, तेव्हा तिथं हसू येत नाही, येऊही नये. कृत्तिका भांडू शकते कारण ती बायको आहे. रेवतीला भांडता येत नाही, तिला मान राखून गप्प तरी राहावं लागतं किंवा गावं लागतं. देवलांनी विनोद कुणाला दिला आणि कुणाला दिला नाही, हे बघत गेलं की त्यांची नजर कळते.

मोलिएरच्या नाटकातली एक गोष्ट सांगून हा भाग संपवतो. तिथं तरुण प्रियकर त्या नवऱ्याच्या हातात आपली तसबीर बघतो आणि विचारतो, ही तुम्हाला मिळाली कुणाकडून? नवरा म्हणतो, बायकोकडून. त्याचंही खरंच आहे, त्यानं ती बायकोच्या हातूनच घेतली. पण तरुणाला वाटतं, मी ही जिला दिली होती ती या माणसाची बायको झाली! म्हणजे कुणीतरी शेवटी सरळ प्रश्न विचारला, समोरच्यानं सरळ उत्तर दिलं, आणि घोटाळा दुप्पट झाला. (हशा) मराठीत तर आपण नावं टाळण्यात पटाईत. 'ती म्हणाली', 'आमच्याकडचे आले नाहीत', 'त्यांनी सांगितलं'. दोन माणसं अर्धा तास बोलतात आणि शेवटी कळतं की एकाची 'ती' सासू आहे आणि दुसऱ्याची 'ती' म्हैस. हे मी गंमत म्हणून सांगत नाही, आमच्या घरी झालंय.

माझ्याबद्दल तक्रार करायला आता बरीच जागा आहे, कारण पदांबद्दल मी जवळजवळ काहीच बोललो नाही. संगीत नाटकाचे चाहते रागावतील. पण माझं एक मत आहे, ते बोलून टाकतो. १९१६ च्या संगीत रूपानं हे नाटक अमर केलं, यात वाद नाही. मात्र त्यानं फाल्गुनराव-कृत्तिकेचं नाटक थोडंसं रेवती-अश्विनशेठचं झालं. भांडणाला जी गती लागते, ती पदापाशी थांबते आणि पुन्हा सुरू करावी लागते. ज्यांना संवादांचा अभ्यास करायचाय त्यांनी एकदा पदं बाजूला ठेवून, नुसतं गद्य, मोठ्यानं वाचावं. चौघांनी बसून वाचलं तर उत्तमच. शेवटही मला जरा घाईचा वाटतो. गाठी सुटतात, सगळे हसतात, रेवती-अश्विनशेठची जोडी जमते. फाल्गुनराव बरा झाला का? मला नाही वाटत. दुसऱ्या दिवशी घरात एखादी अनोळखी पिशवी दिसली की पुन्हा सुरू! (हशा)

तर ताई, तुमच्या चिठ्ठीचं उत्तर अजून अर्धंच झालंय, उरलेलं वाचताना शोधू. पुढच्या रविवारी संध्याकाळी इथंच तसबिरीचा प्रवेश पुन्हा वाचायचा बेत आहे. तुम्ही कृत्तिका वाचाल का? फाल्गुनराव आपल्याकडे आहे, आता तो कुजबुजायला शिकलाय. भादव्या मात्र हवाय. सावकाश बोलणारा कुणी असेल तर नाव सांगून जा. डोळा मारणारा नको.